बाही राहिली

तिला सगळे मास्तरीण म्हणत. परदेशात ती टेक्स्टाइल शिकायला आली होती, पण नाव पडलं ते खोलीतल्या शिकवणीमुळे. दारामागे मापाचा टेप लटकलेला. टेबलावर वर्तमानपत्रातून कापलेले नमुने. डब्यांच्या चळतीला टेकवलेला फोन. कॉलेजला निघण्याआधी ती त्या फोनवरून मायदेशातल्या बायकांना ब्लाउज बेतायला शिकवी.

"गळा सोपा असतो गं बायांनो. बाही रडवते."

"मास्तरीणबाई, आमचे दंड बघा आधी," एक मावशी म्हणायच्या, "आणि मग कापड सांगा."

त्या देशात विद्यार्थ्याला आठवड्याचे ठरावीक तास नोकरी करता येई. मास्तरीण कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासायची. तास काटेकोर पाळायची. शिकवणी मात्र तिने त्यात कधी धरलीच नाही. बायका तिकडच्या, फीसुद्धा तिकडच्याच खात्यात.

"मी काम तिकडेच करते," ती म्हणे. "नुसती बसते इकडे."

खोलीतल्या मैत्रिणीलाही ते पटायचं.

मग एकदा बोलता बोलता वडिलांनी विचारलं, "त्या कमाईवर कर भरतेस ना?" आयुष्यभर पोस्टात काढलेला माणूस. "कुठे भरायचा ते विचारून घे. कुणाचं मिंधं राहू नये."

ती दुसऱ्याच दिवशी कॉलेजच्या सल्लागार बाईंकडे गेली. कर कुठे भरायचा, एवढंच विचारलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"शिकवताना तू बसतेस कुठे?"

"माझ्या खोलीत."

"मग काम इथेच झालं. विद्यार्थ्याला इथे स्वतःचा धंदा करता येत नाही. थोडासुद्धा नाही."

"आणि भांडी?"

"भांडी चालतात. तिथे तू नोकर आहेस."

मास्तरीण हसली. मग हसू ओठांवरच वाळलं.

"मी विचारायलाच नको होतं का?"

बाईंनी पेन पुन्हा उचललं. "आता मी ऐकलंय. मला वर कळवावं लागेल. तू आपण होऊन आलीस, हेही लिहीन."

त्यांनी तसं लिहिलं. उपयोग झाला नाही. व्हिसा रद्द झाला. पदवीचं शेवटचंच सत्र उरलं होतं.

तिने वडिलांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "माझ्यामुळे झालं."

"नाही हो बाबा. आज ना उद्या मी विचारलंच असतं. तुमचीच पोर ना."

सामान बांधताना मैत्रीण म्हणाली, "बायकांना काय सांगायचं? अर्धे ब्लाउज घेऊन बसल्यात. मी दाखवू का बाही? रोज बघून पाठ झालीय."

"तू गप्प बस. तूही विद्यार्थीच आहेस."

तिने दारामागचा टेप काढला, गुंडाळला, खिशात घातला. सल्लागार बाईंकडून परतल्यापासून तिने एकही वर्ग घेतला नव्हता.

विमानतळावर फोन वाजला. त्याच मावशी.

"मास्तरीणबाई, बाहीचं काय झालं? लग्न तोंडावर आलंय. खांद्याचं माप तेवढं कसं धरायचं, सांगा की."

समोर काचेपलीकडे विमान उभं होतं. तिचा हात खिशातल्या टेपवर होता. उत्तर एका वाक्याचं होतं.

"उतरल्यावर सांगते, मावशी."

"आत्ता सांगितलंत तर काय बिघडतं?"

"अजून इथेच बसलेय," ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.