म्हाताऱ्याला मत

उस्मानपुऱ्याच्या मागं आमची गल्ली. गल्लीत नळ नव्हता. दुसऱ्यांच्या नळावर हंडे लावायचे आणि तिथल्या बायांची बोलणी खायची. तिकडं नव्या कारखान्यांना मोठाले पाइप गेले, आमच्याकडं एकही वळला नाही. त्यामुळं निवडणुकीत आम्हाला एवढंच बघायचं होतं, नळ कोण आणतो.

उभे दोघं. एक सत्तरीचा म्हातारा. नामांतराच्या मोर्चात गुडघ्यावर काठी बसल्यापासून लंगडायचा, आणि स्वतःच्या सभेत घोरायचा. दुसरा पंचविशीचा, फटफटीवर फिरणारा. मला तरुणच बरा वाटत होता. निवडून दिलेला माणूस निदान टिकला तरी पाहिजे. सासू म्हाताऱ्याच्या बाजूची. तिला मी म्हणाले, "नळ यायच्या आधी त्याच्याच तोंडात पाणी घालायची वेळ येईल."

"तू बी म्हातारी होशील, भवाने," सासू म्हणाली.

माझं मत फिरलं ते पाण्याच्या रांगेत. त्या तरुणाची आई कंबरेत वाकून माझ्यापुढं उभी होती, दोन हंडे घेऊन. तेवढ्यात हा फटफटीवर आला. मतं मागायची म्हणून रांगेतल्या एकेका बाईच्या पाया पडत निघाला. त्या ओघात आईच्याही पाया पडला आणि पुढं सरकला.

मी म्हणाले, "बाबा, पाया नको पडू. तिचा हंडा उचल."

सभेला उशीर होतोय म्हणाला आणि गेला.

म्हातारा निवडून आला. मग तो रोज पाण्याच्या ऑफिसात जायचा, सोबत आम्ही चार बाया. साहेब भेटत नसे. म्हातारा बाहेर बाकावर बसायचा आणि तोंड उघडं टाकून झोपायचा. कारकून येता-जाता वाकून बघायचे, श्वास चालू आहे का. शेवटी साहेबच बाहेर आला. कारकुनाला हळूच म्हणाला, "नामांतराचा माणूस आहे. इथंच गेला तर अख्खा मोर्चा दारात येईल. आणा तो नळाचा कागद, सही करतो."

बाहेर पडल्यावर मी विचारलं, "बाबा, खरंच झोप लागती का हो तुम्हाला तिथं?"

"पहिल्या दिवशी खरंच लागली होती," तो म्हणाला.

थोड्याच दिवसांत गल्लीत खोदकाम सुरू झालं. म्हातारा खड्ड्याशी खुर्ची टाकून बसला. मजूर थांबले की खाकरायचा.