भिंतीतला दोन हात पाइप

त्याला सगळे थेंब्या म्हणायचे. नळदुरुस्तीवाल्याला याहून वाईट नाव मिळणार नाही असं तुम्हाला वाटेल, पण ते कौतुकानं पडलं होतं. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी याचे कान टवकारलेले. आत कुठे टप्प झालं की गप्पा अर्धवट टाकून उठायचा आणि घरचे ‘अहो राहू द्या’ म्हणेपर्यंत नळ आवळून परत येऊन बसायचा. चाळीस वर्षांत त्यानं केलेला एकही जोड गळला नाही. हे तो स्वतःच सांगायचा, आणि जरा जास्तच वेळा सांगायचा.

अशा माणसाच्या सख्ख्या थोरल्या बहिणीच्या न्हाणीघरात भिंतीला ओल आली. झालं! याला वाटलं, आपलं नाकच कापलं गेलं. ताईनं बोलवायच्या आत हा छिन्नी-हातोडा घेऊन हजर. फरशा उचकटल्या तर आतला लोखंडी पाइप गंजून पार चाळण झालेला. त्यानं तेवढा दोन हात तुकडा कापून काढला, त्याच्या जागी पांढरा प्लॅस्टिकचा पाइप घातला, सिमेंट लिंपलं, फरशा होत्या तशा बसवल्या.

"हा आता गंजायचा नाही, ताई. तू जाशील, मी जाईन, पाइप राहील," असं म्हणाला. कसलं मेलं ते बोलणं! पण तेव्हा दोघंही हसली होती.

गिझरकडून आलेली एक हिरवी तार भिंतीच्या वरच्या अंगाला त्याच पाइपाच्या लोखंडीच राहिलेल्या भागाला पट्टीनं आवळलेली होती. ती कशाला आहे हे थेंब्यानं विचारलं नाही. तार वायरमनची, पाइप आपला, दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही, हा त्याचा बाणा.

दोन महिन्यांनी ताई म्हणाली, "अरे, नळाला हात लावला की मुंग्या येतात रे."

"साठी उलटली तुझी. मुंग्या नाही येणार तर काय मुंगळे येणार?"

ताईनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. तो शेवटचा.

त्याच आठवड्यात एका सकाळी ती न्हाणीघरात सापडली. ओल्या फरशीवर पाय, नळावर हात. दार भाचीनं फोडलं, ताईच्या एकुलत्या एक मुलीनं. गिझर आतून बिघडला होता आणि वीज सगळी नळात उतरली होती. वायरमन आला, त्यानं हिरवी तार ओढून पाहिली, पट्टी हलवून पाहिली. "अर्थिंग तर पक्कं आहे. गिझरच भंगार होता," असं सांगून तो मोकळा झाला.

गिझर दाजींनी आणलेला होता. दाजी, म्हणजे ताईचे यजमान, घड्याळं दुरुस्त करायचे. जुनी वस्तू नीट केली की नव्याहून बरी चालते, अशी त्यांची श्रद्धा. ताई नको नको म्हणत असताना त्यांनी तो जुन्या बाजारातून उचलला होता. भाची त्या दिवसापासून बापाशी एक शब्द बोलली नाही. एका घरात राहायची, स्वयंपाक करायची, पण बोलणं सगळं रोज डोकावून जाणाऱ्या मामामार्फत. "मामा, त्यांना सांग, जेवण झाकून ठेवलंय." दाजी दोन हातांवर बसलेले असायचे, तरी थेंब्या ते त्यांना पुन्हा सांगायचा. दाजी मान हलवायचे. कधी भाची आत गेली की म्हणायचे, "मीच मारलं रे तिला." थेंब्या त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवायचा. तेव्हा त्यालाही खरोखर तसंच वाटत होतं.

मग कुठल्याशा परक्या घरी तो असाच एक पाइप बदलत होता, तर तिथला वायरमन अंगावर धावून आला. "अहो, घराचं अर्थिंग त्या पाइपावर आहे, आणि तुम्ही प्लॅस्टिक घालताय? माणूस मारायचाय का?"

थेंब्यानं हातातली आरी खाली ठेवली. वायरमननं त्याला समजावून सांगितलं. जुन्या घरांतून पाण्याचा लोखंडी पाइप थेट जमिनीत जातो, म्हणून तार त्याला बांधतात. गिझर बिघडला तर वीज तारेतून पाइपात, पाइपातून जमिनीत जाते, आणि फ्यूज उडतो. मध्ये प्लॅस्टिक आलं की वाट बंद. तार दिसायला जागच्या जागी असते, पण वीज नळावर दबा धरून बसते.

थेंब्या त्या दिवशी घरी जाऊन आडवा झाला तो दोन दिवस उठला नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात, याला तर खाल्ल्यावर सहा महिन्यांनी कळलं की काय खाल्लं! आज सांगतो, उद्या सांगतो, करत चार महिने गेले. मनाची समजूतही घालायचा, ताईकडे आता गिझरच नाही, पाणी शेगडीवर तापतं, मग घाई काय आहे? भित्रट माणसाला कारणं बरोबर सापडतात.

आणि एका दुपारी भाचीचा फोन आला. "मामा, परवा नवा गिझर बसवून घेतला. कोरा करकरीत, वायरमनकडूनच. पण गंमत सांगू? आईसारखंच होतंय. नळाला हात लावला की मुंग्या येतात."

"हात लावू नकोस!" तो असा ओरडला की रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. "मेन बंद कर! आधी मेन बंद कर, मग बोल!"

छिन्नी-हातोडा घेऊन तो धावतच पोहोचला. आत जोड गळतोय बहुतेक, असं म्हणून तो फरशा फोडायला लागला. दाजी बॅटरी धरून उभे राहिले. भाची स्वयंपाकघरात होती.

"तुझा जोड आणि गळतोय?" दाजींनी भिंतीला तळवा लावला. "कोरडी ठणठणीत आहे की रे."

थेंब्या छिन्नीवर घाव घालत राहिला. सिमेंट पडलं, पांढरा पाइप दिसला. दाजींचा उजेड त्यावर थांबला, वर हिरव्या तारेपर्यंत गेला, परत खाली आला. जन्मभर एकात एक अडकलेली चाकं बघितलेला माणूस, त्याला फार सांगावं लागलं नाही.

"या तारेतली वीज मग जायची कुठे?"

"कुठेच नाही, दाजी."

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"चार महिने झाले."

दाजी उलट्या बादलीवर बसले. पाना उचलून डोक्यात घालतील असं थेंब्याला वाटलं. घातला असता तर बरंच झालं असतं. पण दाजी हळूच म्हणाले, "तिला सांगू नकोस. बाप तिचा तसाही गेलाय. मामा तरी राहू दे तिला."

खरं सांगायचं तर थेंब्याला सुटल्यासारखं वाटलं. माणूसच तो! त्यानं खाली मान घालून खालच्या लोखंडापासून वरच्या लोखंडापर्यंत तांब्याची जाड तार ओढली आणि दोन्ही टोकांना पट्ट्या आवळल्या. काम चोख झालं.

भाची दारात आली. "काय निघालं मामा?"

"गळत होतं," दाजी घाईनं म्हणाले.

तिनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मामा, त्यांना सांग, माझ्या मामाचा जोड कधी गळत नाही. आपल्या चुका दुसऱ्याच्या अंगावर ढकलू नका म्हणावं."

थेंब्यानं हातातला पाना खाली ठेवला. मग तो बोलायला लागला. "गळत नव्हतं गं." पाइप सांगितला, तार सांगितली. ताईच्या मुंग्या सांगितल्या, मुंगळ्यांची थट्टासुद्धा सांगितली, आणि शेवटी ते चार महिने. तिला हात धरायला गेला तर ती एक पाऊल मागे सरकली.

तिनं एकदा त्या पांढऱ्या पाइपाकडे बघितलं. मग वळली.

"बाबा," ती म्हणाली. आई गेल्यापासून पहिल्यांदा. दाजी बादलीवरून धडपडत उठले. "बाबा, त्यांना सांगा, काम झालं असेल तर जाताना दार ओढून घ्या म्हणावं."

थेंब्या दोन हातांवर उभा होता. तरी दाजींनी ते त्याला पुन्हा सांगितलं.