काळ्या भिंतीतली गारगोटीची शीर

साक्रीच्या पुढे काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती शेतांमधून सरळ जातात. त्या कुणी बांधलेल्या नाहीत. थिजलेल्या लाव्ह्याला भेगा पडल्या, खालून आलेला रस त्यांत गोठला. पुढे आजूबाजूचा खडक झिजून गेला आणि भिंती उभ्या राहिल्या. त्यातल्या एकीपायी माझी दोन वर्षं गेली.

मी जळगावची. धुळ्यात खोली घेऊन एका लहान सर्वेक्षण संस्थेत भूवैज्ञानिक म्हणून काम करत होते. नाल्यांतला गाळ गोळा करून तपासायचा, एवढंच काम. सोन्याची अपेक्षा कुणालाच नव्हती. पण एका नाल्यातला गाळ परातीत धुतला, काळी वाळू चुंबकाने बाजूला काढली, तर तळाशी तीन पिवळे कण राहिले. सुईने दाबून पाहिले. नुसतं चमकणारं खनिज असतं तर भुगा झाला असता. हे चपटे झाले. म्हणजे सोनंच.

वरच्या शेताचे मालक, एक वयस्कर आबा, काठावर बसून बघत होते.

"ताई, काय शोधी राहिनात तुम्ही?"

"आबा, इथे वर कुठे पांढरा दगड आहे का?"

"शे ना. भितमा शे. चला."

भिंतीच्या कडेने गारगोटीची मनगटाएवढी शीर गेली होती, मधे मधे गंजल्यासारखी तांबूस. जमिनीखालचं उकळतं पाणी अशाच फटींतून वर येतं आणि कधीतरी सोनं मागे ठेवून जातं. मी बारा पिशव्या नमुने फोडून घेतले. सहा पिशव्या आबांनीच खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणून दिल्या.

अडीच महिन्यांनी प्रयोगशाळेचा कागद आला. बाराही नमुन्यांत सोनं नाही.

मी फोन केला. "प्रत्येक पिशवीतलं किती घेतलंत?"

"चमचाभर."

चमचाभर! सोनं शिरेत सारखं पसरलेलं नसतं. एका मुठीत सापडतं, शेजारच्या पन्नास मुठींत नसतं. अख्खी पिशवी दळून परत तपासा म्हटलं, तर उरलेला माल ठेवायला जागा नाही म्हणून फेकून दिलेला.

आमचे साहेब म्हणाले, "या काळ्या बेसाल्ट दगडात सोनं नसतं, मॅडम. कॉलेजात शिकवलं नाही का?"

"मग नाल्यात कुठून आलं, सर?"

"कुणाची तरी नथ पडली असेल."

सगळं ऑफिस हसलं. मीही हसल्यासारखं केलं, त्याचा राग अजून जात नाही.

तरी शिरेवर चर खणायची सरकारी परवानगी मागितली. अर्ज परत आला, कारण नकाशावर नाल्याचं नाव वेगळं आणि गावात वेगळं. दुरुस्त करून पाठवला. आता गट नंबर चुकला म्हणे. तिसऱ्यांदा पाठवला, तोवर पावसाळा लागला आणि खणणं राहिलं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. शेवटी काम बंद झालं आणि अहवालात लिहिलं गेलं: या भागात पुढील तपासणीची गरज नाही. त्याखाली सही माझी. नाही केली असती तर दुसऱ्या कुणी केली असती, असं मी स्वतःला सांगितलं. सोनं नाही, हे आम्ही शोधलंच नव्हतं. आम्ही फक्त बघायचं सोडलं होतं.

आबांना सांगायला मी रजा टाकून एसटीने गेले. भिंतीलगतचा चांगला दहा-बारा पावलं रुंद पट्टा गवताने माजला होता. बाकी शेत नांगरलेलं.

"हे का असं ठेवलंत, आबा?"

"तुम्हीनच सांगेल व्हतं ना, ताई. नांगर घालू नका, चर खणनी शे."

सांगितलं होतं खरं, पहिल्याच दिवशी, पिशव्या गाडीत ठेवताना. माझ्या लक्षातही नव्हतं. दोन पावसाळे त्यांनी तो तुकडा माझ्या शब्दावर पडीक ठेवला होता.

मी काम बंद झाल्याचं सांगितलं. आबांनी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मंग आते बाजरी पेरी देऊ ना?"

"पेरा, आबा," मी म्हटलं, आणि चहाला थांबले नाही.