भाग सारखे हवेत

माझी मोठी मावशी प्राथमिक शाळेत गणित शिकवायची. शाळेतल्या मुलांना आणि त्यांच्या आईबापांनाही ती 'गणिताच्या बाई' म्हणूनच माहीत होती. तिची एक सवय सगळ्या शाळेला ठाऊक होती. फळ्यावर शाब्दिक उदाहरण लिहून झालं, की ती खडू खाली ठेवायची आणि गप्प उभी राहायची. कुणी घाईने उत्तर ओरडलं तर म्हणायची, "उत्तर कुणी मागितलं? आधी वाच. मग चित्र काढ. आकड्यांना घाई नाही, ते कुठे पळून जात नाहीत."

चित्र म्हणजे पट्टी. कुठलंही उदाहरण असो, टाकीतलं पाणी असो की बरणीतल्या गोट्या, मावशी त्याची लांबट पट्टी काढायला लावायची आणि तिचे भाग पाडायला. ज्याला गणिताची धास्ती, त्यालाही पट्टी काढता येतेच. तेवढ्या आधारावर कित्येक मुलं अपूर्णांकांतून पार पडली.

काका, म्हणजे तिचे यजमान, मात्र पार पडले नव्हते. ते शहर बसचे ड्रायव्हर होते, नुकतेच निवृत्त झालेले. त्यांचा आणि गणिताचा लहानपणापासून छत्तीसचा आकडा. "मी आयुष्यभर गाडी चालवली," ते म्हणायचे, "गणित मागच्या सीटवर बसलं होतं. कुठल्या थांब्यावर उतरलं, मला कळलंही नाही."

एके दिवशी सकाळच्या तासाला मावशीने फळ्यावर टाकीचं उदाहरण लिहिलं आणि ती थांबली. मुलांना त्यात काही नवल वाटलं नाही. बाई थांबतातच. मुलांनी वाचलं, पट्ट्या काढल्या, हात वर केले. बाई फळ्याकडे बघत उभ्याच. वर केलेले हात दुखायला लागले, मुलांनी दुसऱ्या हाताचा टेकू दिला, तरी बाई बोलेनात. शेवटी पहिल्या बाकावरची मुलगी उठून शेजारच्या वर्गातल्या सरांना घेऊन आली, तेव्हा मावशीचा उजवा हात लुळा पडलेला होता आणि तोंड किंचित वाकडं झालं होतं.

मेंदूतली रक्ताची गाठ लहान होती. उपचार वेळेवर झाले. मावशी बोलायला लागली, काठी घेऊन चालायला लागली, हातात पेन्सिल धरू लागली. भेटायला येणारे म्हणायचे, "थोडक्यात निभावलं हो!" ती हसून मान डोलवायची.

काय गेलंय ते तिने कुणालाच सांगितलं नाही. ते काकांच्या लक्षात आलं एका दुपारी. मावशी खिडकीपाशी फोन मांडीवर घेऊन बसली होती. लेकीशी बोलायचं होतं. लेकीचा नंबर तिला स्वतःच्या नावासारखा पाठ. पण ती नुसती बटणांकडे बघत राहिली होती.

"लागत नाही का फोन?" काकांनी विचारलं.

"अहो," ती हळू आवाजात म्हणाली, "ही चित्रं कसली आहेत हो?"

दवाखान्यातल्या उपचार करणाऱ्या ताईंनी तपासून सांगितलं, की शब्दांना फारसं काही झालेलं नाही, धक्का आकड्यांना बसलाय. आकडे ओळखणं, मोजणं, घड्याळ वाचणं, सगळं अगदी पहिल्यापासून शिकावं लागेल. मुलांच्या पुस्तकातून सुरुवात करा. किती परत येईल, सांगता येत नाही.

मावशीने पुस्तकाला हात लावायला नकार दिला. "ज्या पुस्तकातून मी पिढ्या शिकवल्या, त्यातून आता एक-दोन-तीन गिरवू? त्यापेक्षा नकोच ते." ती भिंतीकडे तोंड करून झोपली. काका दाराशी उभे राहिले. या बाईची समजूत गणितात घालायची तर ती भाषा आपल्याला येत नाही, आणि दुसऱ्या कशात घालायची तर हिला ऐकायचं नाही. त्यांच्या नाकी नऊ आले.

मग त्यांनी एक केलं. शाळेत जाऊन मुख्याध्यापिकांकडून सहावीचं गणिताचं पुस्तक मागून आणलं, जेवणाच्या टेबलावर मांडलं, चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचायला बसले. तिला ऐकू जावं म्हणून वाचत होते हे खरं. पण त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, हेही तितकंच खरं. नाटक करायची वेळच आली नाही.

"एका बरणीत लाल आणि निळ्या गोट्या आहेत. लाल आणि निळ्या गोट्यांचं गुणोत्तर दोनास तीन आहे. निळ्या गोट्या लाल गोट्यांपेक्षा सहाने जास्त आहेत. तर एकूण गोट्या किती?" काकांनी डोकं खाजवलं. "दोनास तीन म्हणजे निळी एकच जास्त. आणि पुढे म्हणतात सहा जास्त. हा पुस्तक लिहिणारा दोन ओळींत बदलला की!"

त्यांनी खोलीच्या दाराकडे एक नजर टाकली आणि पेन्सिल उचलली.

"बरं, पट्टी काढू." त्यांनी कागदावर लाल गोट्यांचे दोन चौकोन काढले आणि खाली निळ्यांचे तीन. कागद संपत आला म्हणून शेवटचा चौकोन चिंचोळा झाला. "आता हे सहा घालू कुठे? दोनात, का तीनात, का माझ्या डोक्यात?"

काठीचा आवाज आला. मावशी टेबलाशी येऊन उभी राहिली होती. तिने कागदाकडे पाहिलं. आकडे तिला कळत नव्हते, पण कपाळावर जुनी आठी उमटली.

"भाग सारखे नाहीत," ती म्हणाली.

"हं?"

"भाग सारखे हवेत. एक लठ्ठ, एक रोड, असं कसं चालेल? द्या इकडे."

तिने चौकोन पुन्हा काढले. वर दोन, खाली तीन, सगळे एका मापाचे. खालचा एक चौकोन वरच्यांच्या पुढे निघाला होता. तिने त्याच्यावर बोट ठेवलं. "जास्तीचे इथे."

"सहा?"

"सहा म्हणजे कसे? मला दाखवा."

काकांनी शिवणाच्या डब्यातली बटणं आणली आणि सहा मोजून त्या चौकोनात ठेवली. मावशीने एकेका बटणाला बोट लावून पाहिलं. मग तिने डबा स्वतःकडे ओढला आणि उरलेल्या प्रत्येक चौकोनात, त्या पहिल्या ढिगाशी जोडी लावत लावत, तेवढीच बटणं ठेवली. काकांनी सगळी मोजली. तीस.

"बरोबर आहे का?" काकांनी विचारलं, आणि शेवटच्या पानावरची उत्तरं बघायला पुस्तक उलटं केलं.

मावशीने त्यांच्या हातावर चापट मारली. "मागे बघायचं नाही!"

पुस्तक उलटंच राहिलं आणि काका रडायला लागले. "अहो, चापट एवढी लागली का?" तिने घाबरून विचारलं.

त्या दिवसापासून दोघांची शाळा भरू लागली. बटणांवरून ती आकडे ओळखायला शिकली, मग लिहायला. गंमत अशी, की कागदावरचा तीन छेद चार तिला काही केल्या कळेना, पण काकांनी "चहा किती देऊ?" विचारलं, की तोंडातून आपसूक निघायचं, "पाऊण कप." मग काका पट्टी काढून, चार भाग पाडून, तीन रंगवून म्हणायचे, "हे बघ, तुझा चहा." पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड हे शब्द तिच्या तोंडात शाबूत होते. त्यांना धरूनच ती हळूहळू कागदावर पोचली.

एकदा काका फुशारकीने म्हणाले, "बघ, म्हातारपणी मी गणितात दीडशहाणा झालो!"

"दीड म्हणजे एक आणि अर्धा," ती म्हणाली. "तुमच्यात अजून अर्धाच दिसतोय मला."

वाईट दिवसही पुष्कळ आले. आदल्या दिवशी आलेलं उदाहरण दुसऱ्या दिवशी परकं व्हायचं. एकदा तिने पुस्तक भिरकावलं, ते बटणांच्या डब्यावर आपटलं आणि बटणं घरभर झाली. काका गुडघ्यांवर बसून कपाटाखालून ती काढत राहिले. थोड्या वेळाने तीही शेजारी खाली बसली. उठताना मात्र कोण कुणाला उठवणार, यावर दोघं हसत बसली.

आणि कधी कधी अडायचे ते काका. "अर्ध्याला पावने भागलं तर दोन? भागल्यावर वस्तू कमी होते, वाढते कशी?" ते हट्टालाच पेटले. मावशीने फितीचा अर्धा मीटर तुकडा कापला, पाव मीटरचा दुसरा तुकडा त्यांच्या हातात दिला. "हा त्याच्यात किती वेळा बसतो? बसवून बघा." त्यांनी बसवून पाहिला, आणि 'अरेच्चा!' म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याला आपण पहिल्यांदाच काही शिकवलं, असं मावशी नंतर माझ्या आईला सांगत होती. "एरवी ऐकतात कुठे!"

वर्ष उलटल्यावर मुख्याध्यापिका घरी आल्या. "बाई, आठवड्यातून एक तास घ्याल? नुसतं मुलांशी बोलायला या."

"मला पाढे येत नाहीत," मावशीने स्पष्ट सांगितलं.

"मुलांना येतात," त्या म्हणाल्या.

पहिल्या तासाच्या दिवशी काका सोबत गेले आणि मागच्या बाकावर गुडघे दुमडून बसले. मावशीने सावकाश फळ्यावर लिहिलं: एका बागेत पिवळ्या आणि पांढऱ्या फुलांचं गुणोत्तर तीनास पाच. सगळी मिळून छप्पन्न. पांढरी किती? पट्ट्या निघाल्या. आठ भाग, सारखे. "आता एका भागात किती?" तिने विचारलं, आणि पुढे काय ते तिलाच सुचेना. खडू हातात तसाच राहिला. पहिल्या बाकावरची मुलं एकमेकांकडे बघू लागली. त्यांना मागची गोष्ट ठाऊक होती.

मावशी वळली. "घाबरू नका. माझं हे डोक्यातून गेलंय. तुमच्यापैकी कोण सांगेल?"

सगळे हात वर गेले. मागच्या बाकावरचाही.

"आठ!" काका उत्साहाने ओरडले.

"आठ आठे चौसष्ट होतात, आजोबा!" एक मुलगी मान मागे वळवून म्हणाली. "आठ साते छप्पन्न." वर्ग खदखदून हसला, आणि मावशी फळ्याला टेकून सगळ्यांत जास्त हसली. मग पाच भाग सात-सात फुलांचे भरले, आणि पांढरी पस्तीस निघाली.

सगळं काही परत आलं नाही. घड्याळ ती अजून सावकाश वाचते, आणि दुकानात काका सोबत लागतात. शाळेतला तो तास मात्र ती चुकवत नाही.

काका आता स्वतः उदाहरणं रचतात. परवा मी गेले तेव्हा एक टेबलावर होतं. एका बसमधले दोन पंचमांश प्रवासी पहिल्या थांब्यावर उतरले, उरलेल्यांपैकी अर्धे दुसऱ्या थांब्यावर. तर ड्रायव्हर घरी आल्यावर त्याला चहा कोण देणार?

मावशीने खाली लाल पेनाने लिहिलं होतं: माहिती अपुरी आहे. पट्टीसुद्धा काढलेली नाही. पुन्हा करा.