महेबूब पिंजाऱ्याने न घेतलेला कागद

देवळाली कॅम्पात महेबूब पिंजाऱ्याला कुठल्याही घराच्या आतल्या खोलीपर्यंत जाता येत असे. पाहुणा ओटीवरून परत जातो, दूधवाला दारातून. गाद्या मात्र आत असतात, आणि त्या उसवल्या की घरातली झाकली मूठ कापसाबरोबर बाहेर पडते. उशीत दडवलेली पत्रं, गादीच्या कोपऱ्यात शिवलेल्या नोटा, नापास पोरानं बापापासून लपवलेलं प्रगतिपुस्तक. पंचवीस वर्षांत महेबूबनं असं काय काय पाहिलं आणि ज्याचं त्याच्या हातात मुकाट्यानं ठेवलं. इकडची गोष्ट तिकडे त्यानं कधी केली नाही. खांद्यावर कापूस पिंजायची धनुकली घेऊन तो गल्लीत शिरायचा, तिच्या ताणलेल्या तातेच्या दोरीवर लाकडी दस्ता दोनदा मारायचा, आणि तो आवाज ऐकून बायका दार उघडायच्या.

२००१ च्या मे महिन्यात एका बंगल्यात त्यानं चार गाद्या पिंजून दिल्या. आठ दिवसांनी बंगल्याच्या मालकीणबाईंना आठवलं, की त्यातल्या एका गादीत आपण सोन्याच्या पाटल्या ठेवल्या होत्या. आठवलं कसलं, तसं वाटलं. पण बंगल्यातल्या माणसाला नुसतं वाटलं तरी पोलीस ठाण्याला तेवढं पुरतं. दुपारी दोन शिपाई आले आणि महेबूबला जेवणाच्या ताटावरून उठवून घेऊन गेले.

तीन दिवस तो आत होता. अटक नाही, डायरीत नोंद नाही. बायको जहिदा रोज ठाण्याच्या पायरीशी डबा घेऊन बसायची आणि तिला रोज एकच उत्तर मिळायचं, ‘चौकशीला बोलावलंय.’ चौकशी अशी, की त्याचे हात पाठीमागे बांधले आणि त्या दोरीनं त्याला खिडकीच्या गजांना टांगलं. पाय जमिनीला टेकत, पण नुसती बोटं. फौजदार विचारायचा, पाटल्या कुठंयत. महेबूब म्हणायचा, मी घेतल्या नाहीत. दारात गेणू शेवाळे नावाचा हवालदार उभा असायचा. त्यानं हात लावला नाही, आणि कुणाला अडवलंही नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच्यापुढे एक कोरा कागद आला. “खाली अंगठा दे आणि घरी जा,” फौजदार म्हणाला. महेबूबला वाचता येत नव्हतं, पण कागद कोरा आहे एवढं त्यालाही दिसत होतं. हात उचलवत नव्हता, म्हणून शेवाळेनं तो मनगटाशी धरून शाईवर टेकवला आणि मग कागदावर.

पाटल्या पंधरा दिवसांनी सापडल्या, त्याच बंगल्यात, तांदळाच्या डब्यात. तिथं धुणीभांडी करणाऱ्या कलाबाईनं ही बातमी जहिदाला येऊन सांगितली. बंगल्यातल्या कुणी ठाण्यात जाऊन ती सांगितली नाही. उगाच कशाला, असं त्यांना वाटलं असेल. बड्या माणसांचं हे ‘उगाच कशाला’ गरिबाला फार महागात पडतं.

महेबूबच्या उजव्या खांद्यातली शीर दुखावली होती. नाशिकच्या सरकारी दवाखान्यात तो पाच दिवस पडून होता. हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. धनुकली सुटली. लोकांच्या गाद्या सायकलवर घालून मशीनवर पिंजून आणायच्या आणि दाभणानं टाके घालून परत द्यायच्या, एवढं त्याला अजून करता येत होतं. पण गाद्या देणार कोण? गादी द्यायची म्हणजे माणूस आत घ्यायचा. “आत्ता नको, दिवाळीनंतर बघू,” असं बायका खिडकीतूनच सांगायच्या. दिवाळी झाली की म्हणायच्या, संक्रांतीनंतर. तोंडावर चोर कुणी म्हणालं नाही, आणि महेबूबला त्याचाच जास्त राग यायचा. कुणी म्हणालं असतं, तर नाही म्हणता आलं असतं.

नाशिकला किशोर बच्छाव नावाचे वकील होते. त्यांच्या घरच्या गाद्या महेबूबनेच केलेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पैसे न घेता मुंबईच्या मानवी हक्क आयोगाकडे अर्ज लिहून दिला. देताना बजावलं, “एक लक्षात ठेव. यापुढे पोलिसांच्या कुठल्याही कागदावर अंगठा द्यायचा नाही. आकाश कोसळलं तरी नाही.” महेबूबनं ते मनात कोरून ठेवलं.

आयोगापुढे अडीच वर्षं गेली. तो कोरा कागद तिथं हजर झाला, पण आता तो भरलेला होता. ‘मी राजीखुशीने चौकशीला आलो. मला कोणी मारहाण केली नाही. माझी पोलिसांविरुद्ध काही तक्रार नाही.’ आणि खाली महेबूबचा अंगठा. गेणू शेवाळेनं शपथेवर सांगितलं, “मी त्या दिवसांत बंदोबस्तावर होतो. मला काही माहीत नाही.” पण खोटं लिहिणाऱ्यानं घाई केली होती. कागदावर जी तारीख टाकली, त्या तारखेला महेबूब दवाखान्यात भरती होता. बच्छाव वकिलांनी दवाखान्याचा कागद शेजारी ठेवला. आयोगाच्या अधिकाऱ्यानं दोन्ही तारखा वाचल्या आणि पोलिसांच्या वकिलाकडे पाहिलं. वकील फाईल चाळत बसला.

२००४ च्या डिसेंबरात निकाल पोस्टानं घरी आला. सरकारनं चाळीस हजार रुपये भरपाई द्यावी. अकरावीत शिकणारी मुलगी नाझिया वाचत होती, आणि पैशाचा आकडा आला तेव्हा महेबूबनं मान नुसती हलवली. त्याला हवं होतं ते पुढं आलं : ‘त्याच्याविरुद्ध चोरीचा कसलाही पुरावा नव्हता. त्याला बेकायदा डांबून मारहाण करण्यात आली.’ हे वाक्य त्यानं तिच्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग निकालाची झेरॉक्स काढून प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि घरोघर निघाला. दारात उभा राहून पिशवी पुढं करायचा. लोक वाचायचे आणि म्हणायचे, “बरं झालं हो. आम्हाला माहीतच होतं.” माहीत होतं तर तीन वर्षं दार का लावून घेतलं, हे विचारण्याचा महेबूबचा स्वभाव नव्हता. त्याला गाद्या मिळू लागल्या आणि तो आतल्या खोलीत जाऊ लागला, एवढं त्याला पुरेसं होतं.

सरकारला मात्र ते मानवलं नाही. चाळीस हजार सरकारच्या खिशाला काय जड? जड झालं ते वाक्य. सरकार हायकोर्टात गेलं : आयोगानं पोलिसांची बाजू नीट ऐकली नाही, निकाल रद्द करा. कोर्टानं महेबूबला नोटीस काढली. सरकारी वकिलानं ती हातोहात बजावायला पोलीस ठाण्याकडे पाठवली. कुठल्या ठाण्याकडे, ते वेगळं सांगायला नको.

२००५ चा जुलै. दुपारी महेबूब उंबऱ्याशी बसून उशीला टाके घालत होता. सायकल लावून गेणू शेवाळे पुढं आला. कानशिलं पांढरी झाली होती.

“महेबूबभाई, कोर्टाचा कागद हाय. घ्या, आन्‌ इथं अंगठा द्या.”

ठाण्यात त्याच तोंडातून ‘ए पिंजाऱ्या’ निघत असे. महेबूबनं दाभण खाली ठेवलं नाही. “कोर्टाचा कागद पोस्टानं येतो.”

“हा आमच्याकडून आलाय. हायकोर्टाचा हाय.”

“मागचा बी तुमच्याकडूनच व्हता, हवालदारसाहेब. तवा कोरा व्हता.”

“ह्याच्यावर लिव्हलंय. बघा की.”

“मला वाचता येत नाय. तुम्हाला ठावं हाय ते.”

नाझिया कॉलेजात होती. जहिदा आतून आली आणि दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली. “आमी नाय घेत,” ती म्हणाली. “वकीलसायबांनी सांगून ठिवलंय.”

शेवाळेनं पुढं धरलेला कागद मागं घेतला. काही सांगावं असं त्याच्या मनात आलं असेलही. मग त्यानं सायकलच्या सीटवर कागद ठेवून त्यावर काहीतरी लिहिलं आणि निघून गेला. संध्याकाळी महेबूबनं नाझियाला छाती काढून सांगितलं, “आज फसलो नाय मी.” तिनं विचारलं, कागद कसला होता? तो म्हणाला, “पोलिसांचा व्हता. आनखी कसला असनार?” वकिलांना कळवावं असं कुणालाच वाटलं नाही. वकिलांनी सांगितलं तसंच तर केलं होतं.

शेवाळेनं लिहिलं होतं : ‘घेण्यास नकार दिला.’ कायद्याच्या भाषेत नोटीस नाकारली म्हणजे ती मिळाली.

२००६ च्या मार्चमध्ये प्रकरण हायकोर्टाच्या बोर्डावर सुनावणीला आलं. महेबूबच्या बाजूनं उभं राहायला कुणी नव्हतं. सरकारी वकिलानं तो अंगठ्याचा कागद वाचून दाखवला. त्यावरची तारीख दवाखान्यातली आहे, हे सांगणारं तिथं कुणी नव्हतं. कोर्टानं म्हटलं, अर्जदार स्वतःच लिहून देतो की मारहाण झाली नाही, नोटीस मिळूनही तो कोर्टात येत नाही, त्यामुळे कोठडीतल्या छळाचा कथित आरोप सिद्ध झालेला नाही. भरपाई रद्द. निकाल रद्द. आणि निकालातलं ते वाक्यही त्याच्याबरोबर गेलं.

बातमी पेपरात आली, पाचच ओळींची. मथळा होता : ‘कोठडीतील मारहाणीचा आरोप अमान्य’. कॅम्पात पेपर सगळे वाचतात. क्वार्टर्समधल्या सरिताबाईंची गादी महेबूबच्या दारात उसवलेली पडली होती. त्या रिक्षा घेऊन आल्या, कापूस पोत्यात भरला, खोळ वेगळी उचलली. “राहू द्या, आम्ही फोमची घेतोय,” म्हणाल्या. जाताना त्यांनी पोत्यात हात घालून कापूस चाचपून पाहिला. महेबूब बघत होता हे त्यांच्या लक्षातही आलं नसेल.

तेव्हा कुठं तो बच्छाव वकिलांकडे गेला. त्यांनी विचारलं, “नोटीस आली होती?” त्यानं सगळं सांगितलं, शेवाळे आला तिथपासून. वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“तुमीच सांगितलं व्हतं, सायब.”

“हो. मीच सांगितलं होतं.” त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, “एक वाट आहे. प्रकरण पुन्हा ऐका, असा अर्ज करता येतो. पण त्यात लिहावं लागेल, की नोटीस घेऊन तुझ्याकडे कुणी आलंच नाही. पोलिसांनी बसल्या जागी नकार लिहिला.”

“पन तो आलता ना.”

“आला होता, हे कोर्टाला कुठं माहीत आहे?”

महेबूब विचार करून सांगतो म्हणाला आणि घरी आला. ही गोष्ट शेवाळेच्या कानावर कशी गेली कोण जाणे. तो नुकताच निवृत्त झाला होता. दोन दिवसांनी साध्या कपड्यात आला आणि न सांगता उंबऱ्याबाहेर बसला. जहिदानं पाणी आणलं नाही.

“मी लिहून देतो,” शेवाळे म्हणाला. “तुम्ही घरी नव्हता. दाराला कुलूप व्हतं, मी तसाच माघारी गेलो. माझी चूक झाली म्हनून. आता मला कोन काय करनार? तुमचं काम व्हईल, महेबूबभाई.”

महेबूबनं त्याच्याकडे नीट पाहिलं. मनानं माणूस वाईट नव्हता. आणि तेच महेबूबच्या डोक्यात गेलं.

“एवढं खोटं लिहिनार माझ्यासाठी?”

“लिहितो म्हनलं ना.”

“मग खरंच लिहा. त्या खोलीत काय झालं, माझं मनगट कुनी धरलं, तेवढंच लिहा. बाकी काय नको.”

शेवाळेचा मुलगा पोलीस भरतीच्या परीक्षेला बसला होता, पेन्शनचे कागद अजून साहेबांच्या टेबलावर होते. त्यानं हे सांगितलंही, अर्धंमुर्धं. “ते नाय जमायचं,” म्हणाला. खोटं बोलायला तो तयार होता, कारण त्यात एकट्या त्याचीच चूक निघणार होती. खरं बोलण्यात सगळ्या ठाण्याची निघाली असती.

“तर मग राहू द्या,” महेबूब म्हणाला. “मी चोर नाय, खोटारडा बी नाय. एवढंच तर कोर्टाला सांगायला गेलतो. आता कोर्टात शिरायलाच खोटं बोलू?”

जहिदा दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. पोरीचं लग्न, घरभाडं, उद्याच्या गाद्या, सगळं ह्या एका ओळीवर आहे आणि हा माणूस ती लिहीत नाही. तिचंही चुकीचं नव्हतं. बच्छाव वकिलांनी परोपरीनं समजावलं, शेवटी हात टेकले. महेबूबच्या तोंडून आलं तसं प्रतिज्ञापत्र तयार झालं : हवालदार आला होता. मी नोटीस घेतली नाही. कारण याच हवालदारानं माझं मनगट धरून कोऱ्या कागदावर अंगठा घेतला होता, आणि त्यानंतर पोलिसांच्या कागदाला हात लावायची माझी हिंमत होत नाही. वकिलांनी ते वाचून दाखवलं, दोनदा. मग महेबूबनं खाली अंगठा दिला.

निकाल ऑगस्टात आला. इंग्रजीत होता, आणि जेमतेम अर्धं पान. नाझियानं तो आधी मनातल्या मनात वाचला आणि कागद घडी घालून ठेवायला लागली.

“वाच,” महेबूब म्हणाला.

तिनं मराठी करून वाचलं. कोऱ्या कागदाची हकिगत यापूर्वीच अमान्य झालेली आहे, तिचा पुन्हा विचार करता येत नाही. मात्र नोटीस घेऊन हवालदार आला होता व आपण ती नाकारली, असे अर्जदाराने शपथेवर सांगितले आहे. त्याच्या या म्हणण्यावर अविश्वास ठेवण्याचे काहीही कारण दिसत नाही. अर्ज फेटाळण्यात येतो.

महेबूबनं शेवटून दुसरं वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. पाच वर्षं तो जे जे बोलला, त्यातला तेवढाच शब्द कोर्टानं खरा मानला होता.