आतल्या खोलीचं हँडल

आमच्या घरात दिवसा दार लावून बसायची पद्धत नाही. आमच्या गल्लीत तरी ती कुणाच्याच घरात नाही. शेजारीण हाक मारते तीच मुळी आमच्या स्वयंपाकघरात उभी राहून. त्यामुळे गेल्या वर्षी सासू-सासऱ्यांनी रोज सकाळी आतल्या खोलीचं दार लावून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा माझं डोकंच फिरलं. आंघोळी झाल्या की दोघं आत आणि दार बंद. बऱ्याच वेळानं मामा बाहेर येणार ते गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या पांढऱ्या शर्टात, कुणाच्या लग्नाला निघाल्यासारखे. सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या. आत काय चालतं हे विचारायची सोय नव्हती. माझ्याच कागाळ्या चालत असणार, असं मी धरून चालले होते. सासू-सासऱ्यांना दार लावून दुसरं काय बोलायचं असतं?

त्या रोजच्या उघडझापीनं दाराचं हँडल मात्र पार गेलं. ते बाजारातलं हँडल नव्हतं. मामांची सगळी नोकरी फौंड्रीत झाली. घर बांधलं तेव्हा प्रत्येक दाराचं पितळी हँडल त्यांनी स्वतः साचा करून ओतून आणलं होतं. दाराच्या दोन्ही बाजूंची हँडलं ज्या चौकोनी सळईवर बसतात, ती सळईसुद्धा त्यांनीच घासून केलेली, बाजारात मिळते त्याहून जाड. आता हँडलाचं भोक झिजून गोल झालं होतं आणि हँडल सळईवर नुसतंच गरागरा फिरायचं. दार उघडायचं तर ते जरा वर उचलायचं, आत दाबायचं आणि मग फिरवायचं. घरी पाहुणे आले की चहाच्या आधी हे शिकवावं लागे.

सुताराला बोलवते म्हटलं की मामांचं उत्तर ठरलेलं. "मी हाय की. माझ्या घरात सुतार कशाला पायजे?"

असे तीन सण गेले. शेवटी मीच लक्ष्मीपुरीच्या बाजारात नवीन स्टीलचं हँडल आणायला गेले. दुकानदार म्हणाला, "वैनी, आतल्या कुलपासकट घ्या. नुसतं हँडल घिऊन भागायचं न्हाय." मी दुकानातून मामांना फोन लावला. "कुलूप ठणठणीत हाय," ते एवढ्या जोरात म्हणाले की दुकानदारानंही ऐकलं. मी नुसतं हँडल घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे हे पहिल्या पाळीला गेले आणि मामा हत्यारांची पेटी घेऊन दारापाशी बसले. आत्या आत पलंगावर होत्या. त्यांना साखरेचा आजार आहे. सकाळी पोटात इंजेक्शन टोचून घेतलं की पाठोपाठ खायला लागतं, नाहीतर साखर धाडकन उतरते. इंजेक्शन झालं होतं. मी पोहे फोडणीला टाकत होते.

मामांनी जुनी हँडलं काढली, नवीन सळई घातली आणि बाहेरचं हँडल कसंबसं बसवलं. आतलं हँडल अजून पेटीवरच पडलं होतं. पण त्यांना दम धरवेना. खटका कसा बसतो ते बघायला त्यांनी बाहेरूनच दार ओढलं. खटका छान बसला. मग उघडायला त्यांनी हँडल फिरवलं, तर ते नुसतंच फिरलं. नवीन सळई बारीक, जुन्या कुलपाचं भोक मोठं. मामांनी हिसका दिला आणि हँडल सळईसकट त्यांच्या हातात आलं.

मी पोह्यांची बशी घेऊन आले तेव्हा ते हातातल्या हँडलाकडे बघत उभे होते.

"आत्या, दोन मिनिटं हं," मी दाराला तोंड लावून म्हटलं.

"व्हय," आतून आवाज आला. "जरा लवकर बघा. घाम सुटलाय मला."

घाम म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्या खोलीची खिडकी शेजारच्या भिंतीकडे उघडते, मधे मांजर जाईल एवढीच जागा. कागदात साखर गुंडाळून दाराखालून सरकवायला गेले, तर कागदच फाटला. मामांनी दार उंबऱ्यावर असं चोख बसवलेलं की खालून मुंगीसुद्धा जायची नाही. एरवी याचं कौतुक आम्ही आल्यागेल्याला सांगायचो. ह्यांना फोन लावला, तो वाजून वाजून बंद झाला.

"पहार आणते मी," मी म्हटलं. "फोडू या दार."

"ती कुठं हाय आधी बघ," मामा म्हणाले.

मी हाक मारली. उत्तर आलं ते खालून, दाराला अगदी लागून. आत्या दार उघडायला म्हणून उठल्या होत्या आणि तिथंच बसल्या होत्या. दार आत उघडतं. पहारीचा घाव घातला असता तर तो त्यांच्यावरच बसला असता.

मामांना उपाय माहीत होता, मला तो त्यांना करताना बघून कळला. बारीक सळईला पत्र्याची पट्टी गुंडाळून ती जाड करायची, भोकात घट्ट घालायची आणि पकडीनं फिरवायची. त्यांनी पावडरच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापला. कापताना तो वाकडातिकडा गेला. पट्टी सळईला गुंडाळली, तर ती उलगडली. पुन्हा गुंडाळून ते भोकापाशी सळई नेऊ लागले. सळई भोकाच्या आजूबाजूला टकटक वाजत राहिली, आत काही जाईना. पट्टी खाली पडली. त्यांनी उचलली. परत पडली.

"मामा, मी करते. आणा इकडं."

"सर बाजूला. हे तुझं काम न्हाय."

"अहो, त्या बोलायच्या थांबल्या आहेत!"

"सर म्हणतो न्हवं!"

ते माझ्यावर असे कधी ओरडले नव्हते. मीही ओरडले. बशी जमिनीवर आपटली आणि त्यांच्या मनगटाला धरलं. धरलं तेव्हा कळलं. मनगट थरथरत होतं, आणि ते घाईचं थरथरणं नव्हतं. ओरडणं थांबलं तरी ते चालूच होतं.

तेवढ्यात आतून आत्या बोलल्या. जीभ जड झाली होती, शब्द घसरत होते. साखर उतरली की माणूस काय बोलतं त्याचं त्याला भान राहत नाही.

"त्यांच्या हातात दिऊ नगा की," त्या म्हणाल्या. "त्यांचं हात ऱ्हात न्हाईत. वरीस झालं, बटणं मीच लावतोय. रोज. कुणाला सांगू नगा म्हणाल्यात."

मामा माझ्याकडे बघत होते. मला दुसरीकडे बघायला हवं होतं, पण मला ते सुचलं नाही. ते बंद दार, ते गळ्यापर्यंतचं बटण, सुताराला नको म्हणणं आणि स्वतःही हँडलाला हात न लावणं, सगळं एकदम समोर आलं. ज्या माणसानं साचे करून पितळेला घाट दिला, त्याला शर्टाचं बटण लागत नव्हतं.

त्यांनी सळई माझ्यापुढे धरली.

"घे," ते म्हणाले. "पट्टी दोन वेढं घाल. तिसरा घालू नगंस, जायची न्हाय."

मी दोन वेढे घातले. माझेही हात थरथरत होते, पण माझे भीतीनं, ते ऐकत होते. सळई भोकात अर्ध्यावर अडली. "हातोडीनं हळू ठोक," मामा म्हणाले. ठोकली. पकडीनं धरून फिरवलं, पट्टी कुरकुरली आणि खटका आत गेला. दार उघडलं ते फक्त हातभर, कारण मागं आत्या होत्या. मी अंग चोरून आत शिरले. त्यांची मान छातीवर आली होती, ब्लाऊज घामानं भिजला होता. साखरेचं पाणी त्यांच्या ओठाशी लावलं तर निम्मं सांडलं. मग त्यांनी एक घोट गिळला. मग दुसरा. थोड्या वेळानं डोळे उघडून त्या म्हणाल्या, "पोहं झालं न्हवं?"

मी रडले. अगदी मोठ्यानं, लाज न बाळगता. मामा दारातच उभे होते, दोन्ही हात पाठीमागं घेऊन.

दुपारी सुतार आला. नवीन कुलूप, नवीन सळई, दोन्ही बाजूंची हँडलं, सगळं बसवून गेला. मामा खुर्चीत बसून बघत राहिले, एका शब्दानं आड आले नाहीत. संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "दार कुणी उघडलं?" मामा म्हणाले, "हिनं." आत्यांना तर आपण आतून काय बोललो ते आठवतच नव्हतं, आणि आम्ही दोघांनीही सांगितलं नाही. मामांनी हातांसाठी डॉक्टरांकडे यायचं मात्र माझ्याजवळ कबूल केलं. गुपित आत्यांच्याच तोंडून फुटलं हे आत्यांना कळू द्यायचं नाही, ही अट घालून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले, तर आतल्या खोलीचं दार सताड उघडं. वर्षभरात पहिल्यांदाच. आत्यांना दार लावायची धास्ती बसली होती. मामा पलंगाच्या कडेला भिंतीकडे तोंड करून बसले होते, शर्टाची बटणं उघडी. आत्या त्यांच्यापुढं अवघडून उभ्या होत्या. मला बघताच त्यांनी हात खाली घेतले आणि पदर सावरल्यासारखं केलं. बाहेर शेजारणीची चप्पल वाजली.

मी चहा ठेवला. दार लावलं, आतलं हँडल दाबून उघडलं, परत लावलं, परत उघडलं. "बघा आत्या, आतनं उघडतंय," म्हटलं. त्यांनी मान हलवली. मामांनी मागं वळून बघितलं नाही.

मग मी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. शेजारीण स्वयंपाकघरातून विचारत होती, आत काय चाललंय म्हणून.

"माझ्या कागाळ्या," मी म्हटलं, आणि तिला चहा ओतला.