वस्तू क्रमांक सत्तेचाळीस

मॅडमनी आईच्या नावावर व्हाइटनर फिरवला आणि वर फुंकर मारली. वाळायला वेळ लागत होता, म्हणून दोनदा मारली. मग त्याच जागी निळ्या पेनानं लिहिलं, 'अज्ञात'.

मी टेबलाच्या अलीकडे उभी होते. बस असं कुणी म्हटलं नव्हतं.

"बाळा, ही नोंदवही आहे," मॅडम म्हणाल्या. "मनाला येईल ते नाव टाकायचं नसतं इथे."

"मनाला आलेलं नाही, मॅडम. ते सूप माझ्या आईनं केलंय."

माझ्यासारखाच इंटर्नशिपला आलेला नागपूरचा एक मुलगा खोलीत होता. तो हसला. मॅडमही हसल्या.

"अगं, सूप म्हणजे सूप. सगळी सारखीच असतात."

मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. विषय इतिहास. उन्हाळ्यात इंटर्नशिप केल्याचं प्रमाणपत्र दिलं तर गुण, आणि ते गुण नाहीत तर वर्ष अपुरं. कॉलेजनं मला गोंदियातल्या एका कलासंग्रहालयात पाठवलं. जुन्या राईस मिलच्या गोदामात ते नव्यानं उभं राहत होतं. खासगी ट्रस्ट. शेठजी मालक, मॅडम पुण्याहून बोलावलेल्या. मी तिरोडा तालुक्यातल्या गावाहून सकाळच्या गाडीनं यायची, स्टेशनपासून पायी. पहिल्या दिवशी गळ्यात बिल्ला मिळाला. त्यावर माझं नाव होतं. घरी गेल्यावरही तो मी बराच वेळ काढला नव्हता.

आम्ही बुरूड. बांबू फाडून सुपं, टोपल्या, धान्याच्या ढोल्या करणारे. गावाच्या कडेला आमची सात घरं. मागे ओढा, पुढे रस्ता, लांब वीज केंद्राची चिमणी. लग्नात आमचं सूप लागतं. बाळ जन्मलं की आमचं सूप लागतं. सूप घरात जातं, देवासमोर जातं. आई मांडवाच्या बाहेर उभी राहते.

माझं काम जुन्या नोंदी नव्या वहीत उतरवण्याचं होतं. क्रमांक, वस्तू, साहित्य, प्रदेश, करणाऱ्याचं नाव. सत्तेचाळिसाव्या ओळीवर होतं: सूप. बांबू. बस्तर परिसर. आदिवासी. अज्ञात.

मी दालनात जाऊन ते सूप पाहिलं. त्याला वॉर्निश लावलेलं होतं. काचेमागे टांगलेलं, वरून एक पिवळा दिवा सोडलेला. एवढं सजवूनही ते मला कळलं. आई डावखुरी आहे. सुपाच्या काठाला कामटीचा, म्हणजे बांबूच्या पातळ पट्टीचा, बंध घेताना बाकी सगळे एका बाजूला जातात, आई उलटी जाते. तिच्या सुपाच्या काठावरचे वेढे उलट्या बाजूला झुकलेले असतात. बाजारात शंभर सुपांच्या ढिगात आमचं सूप मी लहानपणी डोळे मिटून, काठावर अंगठा फिरवून काढून द्यायची.

त्याच दालनात भिंतभर मोठा फोटो होता. बांबू फाडणारे दोन हात. कोपरापासून पुढचे. कोपरामागे माणूस नव्हता. डाव्या मनगटावर भाजल्याचा लांब डाग. तो डाग मला माहीत आहे. माझ्या आंघोळीचं पाणी उतरवताना पडलेला आहे.

घरी विचारलं. आई म्हणाली, "हो, आले होते ना गाडीवाले. दोन वर्सं झाले असन. चार सुपं नेले. एक बाई फोटो काढता काढता मणे, आमच्याकडे बघू नका, कामच करत राहा. मी मणलं, मंग कोनाकडे बघू? बांबूकडे?"

ती हसली. तिला ते अजून गमतीचं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी नव्या वहीत, करणाऱ्याच्या रकान्यात, मी आईचं नाव लिहिलं. बस्तर खोडून गावाचं नाव लिहिलं. ते मॅडमच्या नजरेला पडलं आणि व्हाइटनर निघाला.

मी गप्प बसले नाही. म्हटलं, पुरावा देते. गोदामाच्या मागच्या खोलीतून दुसऱ्याच कुणी केलेलं एक सूप आणलं, काचेतल्या सुपाशेजारी धरलं, काठाचे वेढे दाखवले. मॅडम वाकून बघत राहिल्या. मला वाटलं, पटलं.

"तुला स्वतःला येतं का गं हे?" त्यांनी विचारलं.

"येतं."

माझी चूक इथे झाली. मागच्या खोलीत सजावटीसाठी आणलेला बांबू पडला होता. मी सुरी मागितली, जमिनीवर बसले, कामट्या काढल्या. आधी चारचौघांसारखा बंध घेतला, मग आईसारखा उलटा. हात दाखवला की खरं कळतं, असं आमच्याकडे असतं. गिऱ्हाईक अडलं की आई बोलत नाही, करून दाखवते. मीही तेच केलं. मी पुरावा देत होते. मॅडम मोबाइलवर व्हिडिओ काढत होत्या.

"आणि नाव?" उठताना मी विचारलं.

"लोककलेत व्यक्ती नसते, बाळा. परंपरा असते. एवढं तरी शिकवतात ना तुमच्या कॉलेजात?"

पलीकडच्या दालनात शेठजींच्या सुनेचं तैलचित्र होतं. भाताची रोवणी करणाऱ्या बाया, पाठमोऱ्या, वाकलेल्या. खाली पितळी पट्टी. पट्टीवर सूनबाईंचं पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट.

त्या दिवसापासून वही नागपूरच्या मुलाकडे गेली. उद्घाटनाला तीन दिवस होते. मॅडमनी मला एक पिशवी दिली. आत हिरवं लुगडं होतं, काचेच्या बांगड्या होत्या.

"उद्घाटनाला तू हे नेसून बसायचं. फोटोच्या खाली. पाहुण्यांसमोर सूप करायचं. लोकांना खरं बघायला आवडतं."

"मी इंटर्न आहे, मॅडम."

"मग हीच तुझी इंटर्नशिप समज. आणि बिल्ला नको घालूस त्या दिवशी. विचित्र दिसेल लुगड्यावर."

आमच्या घरात आजीनंतर लुगडं कुणी नेसलेलं नाही. आई पातळ नेसते. मी सलवार-कुर्ता घालते. मी पिशवी टेबलावर परत ठेवली.

"नाही."

"नाही म्हणजे?"

"मी बसणार नाही. माझ्या आईचं नाव लावा. मग विचार करते."

मॅडम चिडल्या नाहीत. आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. प्रमाणपत्राचं मग बघावं लागेल." आणि फोन उचलला.

घरी सांगितलं. आई अंगणात कामट्या सोलत होती. हात थांबला नाही.

"काऊन भांडून राहिली? नाव कायले पायजे? सूप फाटकं आहे का?"

"तुजं आहे ते, माय."

"माजं आहे ते मले मालूम आहे. अन नाव लिवलं त लगनात कोन नेईन ते सूप? बुरडिनीचं नाव देवापुढं ठेवतेत का लोकं?"

मी तिनं सोललेल्या कामट्या गोळा करायला लागले.

"वर्स वाया जाईन तुजं," ती म्हणाली. "नेस ना लुगडं. काय जाते?"

"नाही नेसणार."

तिनं पुढची कामटी सोलायला घेतली. मला वाटलं, विषय संपला.

उद्घाटनाच्या दिवशी मी माझ्या कपड्यांत गेले. बिल्ला घातला. आई सकाळपासून घरी नव्हती. बांबू आणायला गेली असेल, असं धरून मी निघाले होते.

गोदामाच्या दारात फुलांची कमान होती. आत गर्दी होती. दालनात, त्या भिंतभर फोटोच्या खाली, चटईवर माझी आई बसली होती. हिरवं लुगडं. काचेच्या बांगड्या. कपाळावर कुणीतरी मोठं कुंकू लावलेलं. वर तिचेच हात, माणसाएवढे. खाली तिचे हात, चालू. उजव्या बाजूला काचेत तिचं सूप. सुपाखाली पाटी: 'बस्तर परिसर. कारागीर: अज्ञात.'

मॅडमनी गावात गाडी पाठवली होती. आईला सांगितलं होतं, तुम्ही आलात तर मुलीला प्रमाणपत्र मिळेल.

रेशमी साडीतल्या एक बाई खाली वाकल्या. "मावशी, इकडे बघा ना. हसा थोडं."

"हसू कशी बाई," आई म्हणाली. "सुरी हातात आहे. बोट जाईन त तुमच्या फोटोत रगत येईन."

सगळे हसले. शेठजी मोठ्यानं हसले. सोबतच्या पाहुण्यांना म्हणाले, "देखा? एकदम ओरिजिनल चीज है."

एका पाहुण्यानं विचारलं, "यांचं नाव काय?"

मॅडम म्हणाल्या, "ही अनामिक परंपरा आहे, सर." आई तिथेच बसली होती. तिला ऐकू येत होतं. तिनं मान वर केली नाही.

मी गर्दीतून पुढे गेले. चटईवर वाकले आणि सुरी धरलेलं तिचं मनगट पकडलं. डागाच्या जागी.

"माय, ऊठ."

"सोड. थोडंसं राह्यलं."

"ऊठ म्हणते ना."

"लोकं बघून राहिले, पोरी. बस चुपचाप."

ती उठली नाही. सूप पुरं केलं. काठ बांधला, नेहमीसारखा उलटा. टाळ्या झाल्या. ते सूप शेठजींनी पाहुण्याला भेट दिलं.

शेवटी इंटर्नना प्रमाणपत्रं दिली. आधी नागपूरच्या मुलाला. मग माझं नाव पुकारलं. सोनेरी किनारीचा कागद, मधोमध माझं नाव, आडनावासकट, एकही चूक नाही. मी तो घेतला. व्यासपीठाजवळच्या टेबलावर अभिप्राय वही आणि पेन होतं. मी पेन उचललं, माझ्या नावावर आडवी रेघ मारली, वर 'अज्ञात' लिहिलं आणि कागद मॅडमच्या हातात दिला. बिल्ला काढून त्यावर ठेवला.

मॅडम म्हणाल्या, "नाटक करू नकोस."

मी म्हटलं, "नोंद केली."

परतीच्या गाडीत आई खिडकीशी बसली. लुगडं काढून घेतलं होतं, बांगड्या राहून गेल्या होत्या. गंगाझरी गेलं, काचेवानी गेलं. तिरोडा जवळ आलं तेव्हा ती बोलली.

"मंग मी बसली होती ते कायले? तुज्या कागदासाठीच बसली होती ना मी."

तिनं जे दिलं, ते मी फाडल्यासारखं केलं. ती तसंच समजते. मी त्याला दुसरं नाव देऊन सोपं करणार नाही.

गुण मिळाले नाहीत. वर्ष गेलं. प्राचार्य म्हणाले, एवढ्या मोठ्या लोकांशी कशाला वाकडं घ्यायचं. पुढच्या वर्षी एका ग्रंथालयात धूळ झाडून मी इंटर्नशिप पुरी केली. संग्रहालय चालू आहे. शाळांच्या सहली येतात. सूप तिथेच आहे, पाटी तीच आहे. आई अजून मांडवाबाहेरच उभी राहते आणि त्या विषयावर माझ्याशी बोलत नाही.

मी रविवारी जाते. तिकीट काढून, पाहुण्यांसारखी. दालनात थांबत नाही. सरळ दाराजवळच्या अभिप्राय वहीकडे जाते आणि एक ओळ लिहिते. पुढच्या वेळी गेले की ते पान फाडलेलं असतं. मुळाशी दातेरी कड राहते. मी पुढच्या पानावर तीच ओळ लिहिते. काहीही बदललेलं नाही, बदलेल असं वाटत नाही. आता चौकीदाराला सांगून ठेवलंय, या मुलीला पेन देऊ नको. मी माझं पेन नेते. वही उचलून ठेवली तर भिंत आहे. आत येऊ दिलं नाही तर बाहेरची भिंत आहे, ती रस्त्याच्या बाजूनं लांबलचक आहे. त्यांच्याकडे व्हाइटनर पुष्कळ असेल. मी चोवीस वर्षांची आहे. ओळ पाठ आहे:

वस्तू क्रमांक सत्तेचाळीस. सूप. बस्तर नाही, तिरोडा तालुका. करणारी डावखुरी. करणारी जिवंत. करणारीचं नाव सायत्राबाई.